बुडालेल्या गावाचा नकाशा वाचताना

चि.,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. पणजोबा कोयनेच्या खोऱ्यातले, धरण होण्याच्या कितीतरी आधी गिरणीत कामाला म्हणून मुंबईस आलेले, आणि आज घरात उरल्या आहेत त्या दोनच गोष्टी: गावाचे नाव आणि आजीच्या तोंडचे एक वाक्य, ‘आपलं शेत ओढ्याच्या वर, देवळाच्या पाठीमागं होतं.’ एवढ्यावरून घराण्याचा माग काढता येईल का, असे तू विचारले आहेस. माग काढता येईल. उभी हयात मोजणीच्या कामात गेलेल्या माणसाला तर त्या दोन गोष्टींतले आजीचे वाक्यच अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात चतुःसीमेचा, म्हणजे शेताच्या चारही बाजूंच्या हद्दींचा, अर्धा भाग आलेला आहे.

आरंभीच एक अपेक्षाभंग करून ठेवतो. जुन्या गावनकाशावर तुझ्या पणजोबांचे नाव सापडणार नाही. कोणाचेच सापडत नाही. त्यावर शिवा असतात, बांध असतात, ओढे, गाडीवाटा, विहिरी आणि देवळे असतात आणि प्रत्येक शेतात एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे सर्व्हे नंबर. नावे असतात ती कागदांत, म्हणजे आकारबंदाच्या (प्रत्येक नंबराचे क्षेत्र आणि सारा सांगणाऱ्या तक्त्याच्या) जोडीच्या पत्रकांत, फेरफारात (हक्क बदलल्याच्या नोंदींत), हक्कनोंदणीत. आणि हे कागद एकमेकांना ओळखतात ते माणसाच्या नावाने नव्हे, नंबराने. एकाच गावात त्याच नावाचे, त्याच बापाच्या नावाचे तीन इसम मी कागदावर पाहिले आहेत. नंबर मात्र गावात एकच असतो.

त्याआधी गाव पक्के करावे. बुद्रुक आणि खुर्द ही जोडी नदीच्या दोन काठांना असणे आपल्याकडे नित्याचे आहे, आणि घरात नाव सांगताना माणसे ही शेपटी सहसा गाळतात. माझ्या आजोळच्या घराण्याचा शोध घेताना मी खुर्दाऐवजी बुद्रुकाचे फेरफार उतरवत दिवाळीची आख्खी सुट्टी घालवली होती. आडनाव तेच, कुलदैवत तेच, फक्त पिढ्या जुळेनात. शेवटी गावनकाशा उलगडला तेव्हा नदी गावठाणाच्या उत्तरेस दिसली, आणि आई तर लहानपणापासून ‘नदी खालच्या अंगाला, दक्षिणेला’ असेच सांगत आलेली. मोजणीत मुरलेल्या माणसाने नकाशा शेवटी उघडावा, याची मला आजही लाज वाटते. तू तो आधी उघड. गाव धरणाआधीचे असल्यामुळे 1951 च्या जनगणनेची उत्तर सातारा (आजचा सातारा) जिल्ह्याची पुस्तिका पाहावी. तीत तालुकावार गावांची यादी असते, आणि आज नकाशावर नसलेली गावेही त्या यादीत असतात. तालुका जावळी, पाटण की महाबळेश्वर, एवढे तरी तिच्यावरून ठरवता येईल.

गावाची जागा ठरवायला भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने एक इंची नकाशे उपयोगी पडतात. इंचाला एक मैल हे त्यांचे प्रमाण, म्हणजे 1:63,360. त्यांची क्रमांकाची रीत एकदा समजून घेतली की आयुष्यभर पुरते: चार अंश रुंद आणि चार अंश उंच अशा मोठ्या चौकोनाला एक आकडा, त्याच्या सोळा भागांना रोमन अक्षरे आणि त्या प्रत्येकाच्या पुन्हा सोळा भागांना आकडे. कोयनेचे खोरे 47 जी या भागात येते. धरणाआधी मोजलेली आवृत्ती मिळाली तर जिथे आज शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, निळे पाणी आहे तिथे तुला नदीचे नागमोडी पात्र, तिच्या दोन्ही अंगांच्या वाड्या, पायवाटा आणि घाटांच्या खिंडी दिसतील. ती मिळेपर्यंत अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात काढलेली 1:2,50,000 प्रमाणाची मालिका पाहावी. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती जालावर मोफत ठेवली आहे. तिच्यावर लहान वाड्या सापडतीलच असे नाही, पण नदीची वळणे आणि डोंगरांच्या सोंडा कळतात. या नकाशांवरची गावांची नावे कोण्या साहेबाने कानाने ऐकून रोमन लिपीत उतरवलेली असतात, म्हणून स्पेलिंग पाहून निराश न होता ते मोठ्याने वाचावे. पुष्कळदा नाव डोळ्याला परके आणि कानाला ओळखीचे असते.

आता गावनकाशा आणि त्याच्या पोटातले टिपण यांविषयी सविस्तर लिहितो, कारण खरे घबाड तिथे आहे. मुंबई इलाख्यात शेतवार मोजणीची जी पद्धत रुळली, तिचा आरंभ गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 साली इंदापूर तालुक्यात केला. सातारचे राज्य 1848 साली खालसा झाले आणि तुमच्या मुलखात ती मोजणी त्यानंतर पोचली. साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एका बैलजोडीने कसता येईल एवढी जमीन एका नंबरात यावी, असा त्या मोजणीचा दंडक होता. त्यामुळे लहान लहान तुकडे एकत्र करून एक नंबर पाडला जाई आणि वहीत नाव मोठ्या खातेदाराचे लागे. पहिल्या मोजणीच्या कागदात तुझ्या घराण्याचे नाव न दिसल्यास ‘आमची जमीनच नव्हती’ असे लगेच ठरवू नकोस. ती शेजाऱ्याच्या नावाखाली दडलेली असू शकते.

टिपण हे एकेका नंबराचे असते. मोजणीदाराने बांधावर उभे राहून हाताने काढलेली ती आकृती असते. मधून एक आधाररेषा, तिच्यावरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत घेतलेले लंब, आणि त्यांवर साखळी-आण्यांत टाकलेले आकडे. ती प्रमाणात काढलेली नसल्यामुळे आकृतीचा आकार न पाहता आकडे वाचावेत. पण तुझ्या कामाची गोष्ट आकृतीच्या बाहेर आहे. कडेने लगतचे नंबर लिहिलेले असतात, कुठे ओढा, कुठे शीव, कुठे गाडीवाट असे शब्द असतात. आजीचे वाक्य घेऊन गावनकाशावर देऊळ शोध, त्याच्या पाठीमागचे आणि ओढ्याच्या वरचे चार-सहा नंबर निवड आणि फक्त त्यांचीच टिपणे माग. सबंध गावाच्या नकला मागणाऱ्याला कोणतेही कार्यालय खुशीने उभे करत नाही. सहा नंबर मागणारा माणूस मात्र कामाचा वाटतो.

टिपणे, आकारबंद आणि गावनकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात, तर फेरफार आणि जुन्या पीकपाहण्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. काही तालुक्यांचे जुने कागद आता ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर प्रतिमांच्या रूपाने पाहता येतात, तेव्हा एसटीचे तिकीट काढण्याआधी तिथे एकदा पाहावे. जुनी पाने मोडीत असतील. मोडी शिकायला भिऊ नकोस. नावे, महिने आणि आकडे एवढेच ओळखू येऊ लागले तरी अर्धे काम भागते.

तुझ्या बाबतीत आणखी एक कागद आहे, जो न बुडालेल्या गावांच्या लोकांना मिळत नाही. जमीन धरणासाठी घेतली गेली तेव्हा 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा झाला. भरपाई द्यायची म्हणजे मोजावे लागते, आणि म्हणून निवाड्याच्या कागदांत नंबर, क्षेत्र आणि कब्जेदार यांच्याबरोबर विहीर, घर, आंब्या-फणसाची झाडे यांचीही मोजदाद येते. त्या वेळचा संपादनाचा नकाशा मिळाला तर तो त्या गावाचा शेवटचा नकाशा समज. पणजोबा मुंबईस असले तरी भावकीतले कोणी ना कोणी कसत असणार, त्यांचे नाव तिथे येईल, आणि त्यांना पर्यायी जमीन कुठे मिळाली हेही पुढच्या कागदांतून उलगडेल. कोयनेची माणसे रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पांगली. तुझे जिवंत नातेवाईक एखाद्या पुनर्वसित वसाहतीत असण्याचा संभव मला कागदांइतकाच मोठा वाटतो.

त्या नव्या गावांत गेलास किंवा गेलीस की एक घोटाळा समोर येईल. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पडले. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन जुन्या नकाशावर बोट ठेवणाऱ्याला भलत्याच कोणाचे शेत सापडते आणि तो आनंदाने त्याचे छायाचित्र काढून घरी पाठवतो. जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ दाखवणारे एकत्रीकरणाचे पत्रक हाती आल्याशिवाय कोणत्याही बांधाला आपला म्हणू नये. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा एक रकाना असतो, तो मात्र नीट पाहावा. नंबर बदलतो, पण ‘देवळामागची पट्टी’ हे नाव तीन पिढ्या टिकते.

नंबराला पोटहिस्से पडलेले दिसले तर फाळणीचा नकाशा काढून घे. एका शेतातून ओढलेली ती रेघ म्हणजे भावांची वाटणी, आणि वाटणी बहुधा बाप गेल्यानंतरची. त्या सुमाराच्या फेरफारात वारसांची नावे एकाखाली एक सापडतात. 1956 च्या वारसा कायद्यापूर्वीच्या नोंदींत मुली क्वचितच येतात, हे ध्यानात ठेव. पणजोबांना बहिणी नव्हत्या असा निष्कर्ष त्या कागदांवरून काढता येत नाही. बहिणींचा शोध घ्यायचा तर गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, पाहाव्या लागतात.

नकाशा महसुलासाठी काढलेला आहे, हे तर कधीच विसरू नये. ज्यावर सारा बसतो ते त्यात तपशिलाने येते आणि बाकीचे गाव गळते. जुन्या गावनकाशावर गावठाण म्हणजे एक कोरा तुकडा असतो. त्यातली घरे, आळ्या, महारवाडा, सुतारमेट यांचा पत्ता नसतो. बलुतेदारांच्या इनाम जमिनी मात्र त्यांच्या नंबरांनिशी असतात. महार वतनाची हाडकी-हाडोळा, जोशाचे, गुरवाचे इनाम अशी जमीन तुझ्या घराण्याकडे निघाली तर मार्ग बदलतो: इनामपत्रके आणि 1958 च्या कनिष्ठ वतन निर्मूलन कायद्यानंतरचे फेरफार पाहावे लागतात, आणि त्यांत एका वतनाचे सगळे हिस्सेदार एकत्र मिळत असल्याने वंशावळ कधी कधी पाटलाच्या घरापेक्षाही भरघोस निघते. जमीनच नसलेल्या कुटुंबाविषयी नकाशा गप्प असतो. तिथे शाळेचे जनरल रजिस्टर आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आईकडची मंडळी मराठवाड्यातली, असे तू ओझरते लिहिले आहेस. तिकडचा हिशेब निराळा: 1948 पर्यंत निजामाचे राज्य, जुने कागद उर्दूत, आणि नव्या शोधाची सुरुवात 1954 च्या सुमाराच्या खासरा पत्रकापासून. त्याविषयी स्वतंत्र पत्र लिहीन. दोन्ही शोध एकदम हाती घेऊ नकोस.

संगणकावर जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ताणून बसवण्याची कला तुला येते, हे वाचून मला हेवा वाटला. ती जरूर वापर, पण गावनकाशाला अक्षांश-रेखांश नसतात आणि साखळी डोंगरउतारावर इकडेतिकडे होतेच, म्हणून बिंदू निवडताना बांधाचे कोपरे घेऊ नकोस. ओढ्यांचे संगम, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, पाण्याच्या वर राहिलेले देऊळ, डोंगराचे माथे हे टिकाऊ बिंदू आहेत. ते नीट जुळले तरी बांध पाच-दहा वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर) सरकलेला दिसेल. तेवढ्यावर समाधान मानावे.

नकाशा बसला की मे महिन्यात जाऊन ये. तेव्हा शिवसागराचे पाणी उतरलेले असते आणि काठच्या गाळपेरीच्या पट्ट्या, कधी जुन्या जोत्यांचे दगड उघडे पडतात. बामणोली आणि तापोळा इथून होड्या मिळतात; पलीकडचा काठ अभयारण्यात येत असल्याने वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. नकाशाची मोठी छापील प्रत बरोबर ने आणि होडीवाल्यांपैकी वयस्क माणसासमोर ती उलगड. तो नकाशा सरळ धरणार नाही, त्याला उत्तर-दक्षिण ठाऊक नसते. तो आधी नदी कोणत्या अंगाने वाहते ते शोधील आणि मग कागद फिरवून घेईल. त्याच्या हातून कागद परत सरळ करू नकोस. तो बोलतो त्या क्रमाने ओढ्यांची नावे लिहून घे आणि मागाहून नकाशावर चढव.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांविषयी तू विचारले होतेस. त्यांत आडनाव आणि मूळ गाव यांवरून नोंद शोधतात, म्हणून गाव बुद्रुक की खुर्द हे ठरल्यावरच तिकडे जावे.

सध्या तीनच कामे कर: 1951 च्या यादीतून गावाचे नेमके नाव, गावनकाशाची नक्कल आणि देवळामागच्या सहा नंबरांची टिपणे. आजीला नकाशा मोठ्या अक्षरांत छापून दाखव आणि ओढा कोणत्या हाताला होता ते पुन्हा एकदा विचार. त्या उत्तरासाठी थांबण्यासारखा वेळ आपल्याकडे नाही. टिपणे आली की घेऊन ये. आकडे अंधुक असतील, तेव्हा सकाळच्या उजेडात बसू.

तुझा,
एक जुना मोजणीदार