धमनी फुगली, पण वाट मोकळी

प्रश्न : सीटी अँजिओग्राफीच्या अहवालानुसार माझ्या हृदयाच्या एका धमनीत फाट्यापाशी प्लाक (भिंतीत साठलेला चरबीचा उंचवटा) आहे. तिथे धमनी बाहेरच्या बाजूला रुंदावली आहे, आतला मार्ग मात्र जेमतेम २० टक्के अरुंद आहे. कोलेस्टेरॉल तर सगळ्याच रक्तात असतं, मग साठलं फाट्यापाशीच का? आणि वाट मोकळी असताना इतक्या गोळ्या कशाला?
— एक वाचक, वय ५८

उत्तर : माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजीत झाली, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्या आवडीचा. धमनी उभी चिरून पसरली की सरळ भाग बऱ्यापैकी गुळगुळीत दिसतो आणि पिवळे उंचवटे दिसतात ते फाट्यांपाशी, वळणांच्या आतल्या कडेला. नदीच्या वळणावर गाळ बसतो तसंच हे, असं म्हणायचा मोह होतो. पण इथे गाळ वर बसत नाही, भिंतीच्या आत शिरतो.

धमनीचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. रक्त घासत जाताना जी ओढ बसते, ती या पेशींना कळते. सरळ भागात ही ओढ साधारण १५ डाइन (बलाचं एक छोटं एकक) प्रति चौरस सेंटिमीटर असते. तिथे पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड बनवतात. फाट्याच्या बाहेरच्या भिंतीपाशी रक्त रेंगाळतं, मागेपुढे हेलकावतं. ओढ ४ च्या खाली गेली की पेशींची रांग विस्कटते, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरतं, मागोमाग दाह. कोलेस्टेरॉल सगळीकडे असलं तरी जागा ठरवतो प्रवाह.

आता फुगण्याचं. प्लाक आत वाढू लागला की तेवढंच रक्त अरुंद वाटेने जातं आणि ओढ झपाट्याने वाढते : व्यास १० टक्के घटला तर ओढ सुमारे ३७ टक्के जास्त. अस्तर हे ओळखतं, भिंतीची वीण सैल होते आणि धमनी बाहेर सरकून वाट पूर्ववत करते. पॅथॉलॉजिस्ट सिमोर ग्लॅगोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत हे दाखवलं. धमनीच्या आतल्या लवचिक पडद्याने वेढलेल्या जागेपैकी सुमारे ४० टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत वाट फारशी अरुंद होत नाही. (सगळ्याच धमन्या अशा फुगत नाहीत, काही उलट आकसतात.)

ही सोय मला तरी लबाड वाटते. वाट मोकळी राहते, म्हणून छातीत दुखत नाही. साध्या अँजिओग्राफीत फक्त वाटच दिसते, त्यामुळे प्लाक नजरेतून सुटतो. तुमचा सीटीत दिसला, हे बरंच झालं. अशा फुगलेल्या जागी बऱ्याचदा चरबीचा गाभा मोठा आणि वरचं आवरण पातळ असतं. ते फाटलं की गुठळी होते आणि हार्ट अटॅक येतो. कितीतरी अटॅक आधी फारशा अरुंद नसलेल्या जागीच येतात.

गोळ्या आहेत त्या यासाठी. स्टॅटिनमुळे एलडीएल उतरतं, दाह कमी होतो, आवरण घट्ट व्हायला मदत होते. स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीत स्टेंटबद्दल विचारण्यापेक्षा आपलं एलडीएल किती आहे आणि किती असायला हवं, हे विचारा.