शेतावर चालवण्यासाठी स्पोर्ट क्वाड, म्हणजे कच्च्या वाटांवर वेगाने चालणारी चारचाकी मोटारसायकल, घ्यायची आहे. यामाहाची वायएफझेड 450 आर घ्यावी की रॅप्टर 700 आर?

आपले शेत इंदूरजवळच्या सिमरोळच्या बाजूला आहे आणि ताकद, हाताळणी व टिकाऊपणा यांपैकी आधी काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मीही इंदूरचाच. मावसभावाच्या शेतावर रॅप्टर आणि एका परिचिताची वायएफझेड (पुढे नुसती 450) अशा दोन्ही क्वाड मी चालवल्या आहेत. शर्यतीत उतरायचे नसेल, तर रॅप्टर घ्यावी, असे माझे मत आहे.

दोन्ही इंजिने एकाच सिलिंडरची असली, तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. रॅप्टरच्या 686 सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 102 आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 84 मिलिमीटर, तर 450 चा बोअर 95 आणि स्ट्रोक अवघा 63.4 मिलिमीटर आहे. आखूड स्ट्रोकमुळे 450 वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरू लागल्यावर, खुलते, म्हणून मोटोक्रॉसच्या (उंचसखल मातीवरच्या शर्यतींच्या) ट्रॅकवर ती चपळ ठरते. पण नाल्याच्या काठाने हळूहळू चढताना तिचे गिअर सतत बदलत राहावे लागतात, तिथे रॅप्टर खालच्या आरपीएमलाच ओढून नेते. शिवाय 450 ला रिव्हर्स गिअर नाही. पुढची चाके बांधाला टेकल्यावर पावणेदोनशे किलोंहून जड गाडी एकट्याने मागे ओढावी लागली, की ही उणीव चांगलीच जाणवते.

हाताळणीत 450 सरस आहे, कारण ती अधिक रुंद आहे. मात्र दोन्हींच्या मागच्या आसाला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसल्यामुळे मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात आणि नुसते हँडल वळवले तर गाडी सरळच जाऊ पाहते. शरीराचा भार पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला टाकायची सवय होईपर्यंत कोणतीही क्वाड हट्टीच वाटेल.

टिकाऊपणाचा प्रश्न आपल्याकडे मुख्यतः मालव्याच्या काळ्या मातीचा आहे. उन्हाळ्यात तिची धूळ पिठासारखी बारीक होते. एका मे महिन्यात भावाने एअर फिल्टरचा फोम धुतला, पण त्याला तेल न लावताच परत बसवला. तेलाविना फोमने धूळ अडवली नाही आणि महिन्याभरात इंजिन निळा धूर सोडू लागले. शेवटी पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर बदलावे लागले आणि सुटे भाग येईपर्यंत पावसाळा उलटला. 450 च्या इंजिनातील टायटॅनियम व्हॉल्व्हना (झडपांना) तर अशी धूळ आणखीच महागात पडते. पावसाळ्यात हीच माती रेडिएटरच्या जाळीत वाळून बसते. ती हलक्या पाण्याने धुवावी, जोराच्या फवाऱ्याने जाळी वाकते.

जुनी गाडी पाहायला जाणार असाल, तर इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे विकणाऱ्याला सांगावे आणि थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहावे. फिल्टर काढून त्याच्या मागच्या नळीत बोट फिरवावे. बोटाला माती लागली, तर किंमत कितीही कमी असली तरी परत फिरावे. ही वाहने सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदवली जात नाहीत, त्यामुळे शेतापर्यंत ती नेण्यासाठी पिकअपचा खर्चही हिशेबात धरावा.