सणाला येताय? आधी फोन करा

(‘ओसरीवरून’ या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या ताई गुहागर तालुक्यातल्या आपल्या राहत्या घरात गेली चौदा वर्षं चार खोल्यांचं घरगुती निवास चालवतात. या वेळी बहुतेक पत्रं सणासुदीला कोकणात यायचं कसं, याबद्दल आहेत.)

प्रश्न : मुलं सहा आणि दहा वर्षांची. सोबत सासूबाई, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या. मुलांना कोकणातला शिमगा दाखवायचा आहे. होळीच्या दिवशीच यायला हवं का? धाकटा फार भित्रा आहे. (एक आई, ठाणे)

उत्तर : होळीच्याच रात्री या असं तुम्हाला सगळे सांगतील, मी नाही सांगणार. त्या रात्री गाव गावाचं असतं. मुंबईकर आलेले, माझे दोन्ही दीर बिऱ्हाडासकट माडीवर, आणि सहाणेसमोर, म्हणजे पालखी बसवायच्या चौथऱ्यासमोर, ग्रामदेवतेची पालखी नाचवताना जी रेटारेटी होते, तिच्यात तुमच्या सासूबाईंना खुर्ची टाकायलाही जागा मिळायची नाही. त्यात प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. कुठे त्रयोदशीला होम लागतो, ते तेरसे शिमगे. कुठे पौर्णिमेला, ते भद्रेचे. नुसतं कॅलेंडर बघून निघालात आणि गाव तेरसं निघालं, तर राख बघून परत जाल. पुण्याच्या एका कुटुंबाचं अगदी असंच झालं. माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून चहा प्यायली बिचारी, आणि पोरं विचारत होती, ‘होळी कुठाय?’

तुम्ही होमानंतर या. मग पालखी घरोघर फिरते, काही गावांत तर थेट पाडव्यापर्यंत. 2026 मध्ये होळी मार्चच्या अगदी सुरुवातीला आहे आणि पाडवा 19 तारखेला, म्हणजे मधे चांगले पंधरा दिवस सापडतात. थोरल्याच्या परीक्षेचं बघा, आणि आपल्या घरी पालखी कुठल्या दिवशी येणार ते यजमानांना फोन करून विचारा. तो दिवस गावकीत ठरतो, इंटरनेटवर मिळत नाही.

पालखी येते त्याच्या आदल्या दिवशी मी खळं सारवते. सगळ्या अंगणाला फरशी घातली, तेवढा तुकडा मुद्दाम मातीचा ठेवलाय. ढोल दोन वाड्या पलीकडे असतो तेव्हाच घरात धावपळ सुरू होते. नारळ कुठाय, ओटीचे तांदूळ कुठायत, समईत तेल घातलं का. मग पालखी ओसरीवर बसते. आत देवाची रुपं लावलेली असतात, म्हणजे मुखवटे. पोरांना ते जवळून बघता येतात, होळीच्या गर्दीत कधीच दिसायचे नाहीत. मी ओटी भरते, आणि मग गाऱ्हाणं. एकजण बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणतात. मागण्या अगदी घरातल्या असतात : कुणाची नोकरी, कुणाचं रखडलेलं लग्न, कुणाची गाभण म्हैस. गेल्या वर्षी माझ्याकडे उतरलेल्या एका मुलीने दहावीच्या गणिताचं गाऱ्हाणं घालायला सांगितलं. ज्यांना तिचं नावही धड माहीत नव्हतं असे वीस-पंचवीस गडी एका दमात ‘होय महाराजा’ म्हणाले, तेव्हा पोरगी रडायलाच लागली. निकालाच्या दिवशी तिने मला आधी फोन केला, आजोबांना नंतर.

आता भित्र्या धाकट्याचं. पालखीबरोबर खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, आले तर त्यांच्यातला संकासुर येणारच. काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, आणि तो नेमका पोरांच्याच अंगावर धावतो. मी काय करते, संकासुर होणाऱ्या मुलाला आधी स्वयंपाकघरात बोलावते आणि पाहुण्यांच्या पोरांसमोर टोपी काढून चहा प्यायला लावते. बशीत ओतून फुर्र करून पितो. एकदा ते बघितलं की पोरं पुढे त्याच्याच मागे धावतात. मात्र शिमग्यात ज्या बोंबा मारतात, त्यातलं सगळंच शाळेत म्हणण्यासारखं नसतं. थोरल्याने वर्गात म्हणून दाखवलं तर मला फोन करू नका.

सासूबाईंसाठी तळमजल्याची खोली मागा, कमोड आहे का विचारा आणि उंबरा किती उंच ते विचारा. हे शेवटचं कुणी विचारत नाही. आमचा उंबरा नऊ इंच आहे. एक आजी अडखळल्या तेव्हापासून मी त्याच्यापुढे जांभ्याचा एक चिरा टाकून ठेवलाय, पायरीसारखा.

प्रश्न : आमच्या तीन पिढ्या इंदूरला गेल्या. मुलांना कोकणातला घरचा गणपती अनुभवू द्यायचा आहे. चतुर्थी ते गौरीविसर्जन खोली मिळेल का? भाडं जास्त द्यायची तयारी आहे. (एक बाबा, इंदूर)

उत्तर : नाही मिळणार, दादा. भाडं तिप्पट केलंत तरी. त्या दिवसांत आमच्याच घरात चौदा-पंधरा माणसं असतात आणि चारही खोल्यांत पथाऱ्या पडतात.

पहिल्या वर्षी हाव धरली होती मी. कर्ज डोक्यावर होतं, म्हटलं दोन खोल्या देऊ. गौरीच्या जेवणाच्या दिवशी विहिरीवरचा पंप जळला. घरचे पंधरा, पाहुणे पाच, आणि सकाळी सात वाजता खांद्यावर टॉवेल टाकून एक गृहस्थ मागच्या दारी उभे : गरम पाणी आणि नाश्ता. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पैसे मोजले होते त्यांनी. इकडे मी मोदकांची उकड मळत होते. उकड हाताला चटके बसेतोवर गरम असतानाच मळावी लागते, थंड झाली की पारीला चिरा पडतात आणि कळ्या उभ्याच राहत नाहीत. मी उठले, त्यांच्यासाठी पोहे टाकले, परत आले तोवर उकड गेलेली. पुन्हा पाणी ठेवलं. शेवटी एकवीस मोदक हळदीच्या पानावर वाफवून ताटात काढले, आणि पाहुण्यांचा चार वर्षांचा मुलगा देवघरात शिरून नैवेद्याआधीच एक खाऊन बसला. मला हसू आलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि सगळ्यांच्याच घरी मोदकांवर भागतं असं नाही. आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण-वड्यांचा. ‘गणपतीत मटण?’ असं ताटावर बसून विचारणारे पाहुणे मला त्या दिवशी नकोच असतात.

पण तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं म्हणून सांगते. गौरी-गणपती एकदम गेले की निम्मं घर मुंबईला परततं आणि माझ्या खोल्या मोकळ्या होतात. गावात मात्र अकरा दिवसांचे, क्वचित एकवीस दिवसांचे गणपती असतात. तेव्हा या. संध्याकाळी शेजारच्या घरी आरतीला नेते, टाळ हातात मिळतील, रात्री भजन असेल. जाखडीचा नाच असला तर तोही बघा, पोरं गोलात नाचायला लागतात. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला आहेत, त्यामुळे पावसाचा जोरही थोडा उतरलेला असेल. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस होते. गौरीनंतर सगळं जग मुंबईकडे निघालेलं असतं आणि तुम्ही उलटे येणार, तेव्हा येतानाचं तिकीट मिळायला फारशी अडचण येऊ नये. परतीचं मात्र आरक्षण उघडेल त्याच सकाळी काढा. चिपळूणला उतरायचं, तिथून चाळीसेक किलोमीटर. गाडी सांगून ठेवते.

येताना इंदूरची शेव आणा. इथे मिळते ती ती नव्हे.

प्रश्न : जुलैत आलो तर ताजे मासे मिळतील ना? (एक खवय्ये, नाशिक)

उत्तर : यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. खाडीतलं काही मिळालं तर नशीब. नाहीतर सुक्या बोंबलाची चटणी, सोड्यांचा भात आणि फणसाच्या आठळ्या घातलेली भाजी. जुलैत सुरमईचं ताट लावणारा कुणी भेटला तर ती सुरमई कुठल्या महिन्यातली, ते विचारून बघा.

प्रश्न : वेळासचा कासव महोत्सव चार वर्षांच्या मुलीला घेऊन करता येईल का? (एक आजी, सातारा)

उत्तर : येईल, पण आजी, पिल्लं वेळापत्रक पाळत नाहीत. अंड्यांतून बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात, वाळू किती तापली त्यावर थोडं मागेपुढे होतं. साधारण मार्च-एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ अंड्यांवर झाकलेली टोपली उघडून बघतात. असली तर समुद्राकडे सोडतात, नसली तर नाहीत. म्हणून दोन रात्री राहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास हे काम सुरू केलं. नंतर गावकऱ्यांनी आपली घरंच पाहुण्यांना उघडली, त्यामुळे राहायला गावातच मिळतं. एसी वगैरे विचारू नका. जेवण ओसरीवर, पंगतीत. नातीला आधीच सांगून ठेवा की पिल्लाला हात लावायचा नाही. माझ्या नातीला आम्ही ते किनाऱ्यावर गेल्यावर सांगितलं, आणि तिने तिथेच वाळूत बसून जो भोकाड पसरला! पिल्लं समुद्रात गेली तरी ही रडतेच आहे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत फोटो बघून कोकणात एक घर घेतलं. फोटोत खिडकीतून समुद्र. प्रत्यक्षात समुद्र दोन किलोमीटरवर, पाणी फक्त सकाळी, आणि आगाऊ भरलेले पैसेही परत नाहीत. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? (संतापलेला, पुणे)

उत्तर : संताप रास्त आहे. पुढच्या वेळी मालकांना व्हिडिओ कॉल लावा आणि खोली नव्हे, न्हाणीघर दाखवायला सांगा, नळ सोडून. खोली काय, नवी चादर टाकली की कुठलीही छान दिसते. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, मच्छरदाणी आहे का, ऐन सणात घरात अजून कोण कोण असणार, हे विचारा. पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद आहे का, तेही विचारा. आणि रद्द केलं तर किती पैसे परत, हे मोबाइलवर लिहून घ्या, तोंडी नको. ‘अहो, घरचंच समजा’ म्हणणाऱ्याकडून तर आधी लिहून घ्या.

बाकी मी धुतल्या तांदळाची नाही. माझ्या जाहिरातीत पहिली दोन वर्षं शेजारच्या वाडीतला झोपाळा होता. फोटोग्राफर म्हणाला, मागे माड छान येतायत. मीही गप्प बसले. मग बोरिवलीच्या एक बाई सामान खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, ‘झोपाळा कुठाय?’ मी त्यांना शेजारी नेऊन बसवलं, आणि त्या गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. आता ओसरीवर फणसाच्या फळीचा झोपाळा आहे. कड्या किरकिरतात, तेल घालायचं राहूनच जातं.