पिशवीचे पैसे घेतले तर प्लास्टिक खरंच कमी होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की कोकणातल्या तुमच्या गावात दुकानदारांनी पिशवीचे पैसे घ्यायचं ठरवलं तर लोक ऐकतील का, की दंडच हवा. दापोली तालुक्यात माझं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर बसून जे पाहिलं ते सांगते.

लोक ऐकतात, पण पैसे मागून घ्यावे लागतात. दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये, हे केंद्राच्या 2011 च्या नियमांतच होतं. मी दोन रुपये लावले ते सुरुवातीला बिलातच धरायचे. कोणाच्या लक्षातही यायचं नाही, पिशव्या तेवढ्याच संपायच्या. मग तोंडाने विचारायला लागले, "पिशवी हवी का? दोन रुपये होतील." आठशेचं सामान घेतलेले एक काका साबण-चहापूड खिशात कोंबून, तांदूळ काखेत मारून निघाले! पुढच्या खेपेला वायरची पिशवी घेऊन आले. दोन रुपये त्यांना जड नव्हते. पण "हवी का" म्हटलं की माणूस थांबतो आणि घरी खुंटीला लटकलेली पिशवी आठवते.

आयर्लंडने मार्च 2002 मध्ये हेच देशभर केलं. पिशवीमागे 15 सेंट, तेही गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचे. माणशी वर्षाला अंदाजे 328 पिशव्या लागायच्या, त्या 21 वर आल्या. पुढे आकडा पुन्हा चढायला लागला तेव्हा 2007 मध्ये दर 22 सेंट केला. दक्षिण आफ्रिकेत 2003 मध्ये सुरुवात चांगली झाली, पण पिशवीची किंमत खाली आणली आणि लोक परत पिशव्या घ्यायला लागले. आपल्याकडे 2016 च्या नियमांत पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने महिन्याला किमान 4000 रुपये नोंदणी शुल्क भरायचं होतं. गावातला कोणता दुकानदार वर्षाला 48,000 भरणार होता? 2018 मध्ये ते कलमच गेलं.

त्याच वर्षी महाराष्ट्रात बंदी आली, पहिल्या वेळी 5000 रुपये दंड. तपासणी होती तोवर झबला पिशव्या दिसेनाशा झाल्या. नंतर जवळच्याच एका दुकानात त्या गुपचूप फुकट मिळायला लागल्या आणि माझं संध्याकाळचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. मला त्याचा राग अजून आहे. म्हणून सांगते, एकट्या दुकानाने हे करू नका. सगळ्यांना एकत्र बसवा, एकच दर ठरवा. आणि प्लास्टिकच्या पिशवीला दर लावू नका, ती बंदच आहे. दर कापडी पिशवीला लावा.

मी बचतगटातल्या बायकांकडून जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवून घेते. पंधरा रुपये अनामत, पिशवी परत आणली की पंधरा रुपये परत. गावातले लोक आणून देतात. पर्यटकांच्या पिशव्या परत येत नाहीत, पण त्या गाडीतून पुण्या-मुंबईला जातात, किनाऱ्यावर पडत नाहीत. मला तेवढंही पुष्कळ आहे.

खरी अडचण मासळीची. ओली सुरमई कापडी पिशवीत कोण नेणार? आयर्लंडनेही ताज्या मासळीच्या छोट्या पिशव्या करातून वगळल्या होत्या. पण आपल्याकडे सगळ्यात जास्त पिशव्या तिथेच जातात, आणि त्याच पुढे रापणीच्या जाळ्यात मासळीबरोबर वर येतात. अशी पिशवी मी स्वतः सोडवली आहे. वाळूने जड झालेली, आत दोन मेलेली खेकड्याची पिल्लं. तेव्हापासून हर्णै बंदरावर जाताना झाकणाचा डबा नेते. पहिल्या दिवशी मावशीने डबा बघून विचारलं, "ह्यात मावतील का गो?" मावले. आता ती मला विचारतही नाही, डबा पुढे केला की तुकडे त्यात टाकते आणि वर दोन बांगडे जास्तीचे घालते. तुमच्या गावातल्या मासळीवाल्या बायकांनाही डबा आणणाऱ्याला असं काही द्यायला सांगून बघा, आणि ते दुकानांच्या दराबरोबरच सुरू करा.