"तिला आठवतच नाही, मग जाऊन उपयोग काय?"

भांडुपचे एक गृहस्थ, वय पन्नाशीचं. खुर्चीत टेकले आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, मी मूर्खपणा करतोय का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दर रविवारी ते गिरगावात आत्याकडे जातात. आत्यांना डिमेन्शिया. त्या यांना आपला भाऊ समजतात, "अण्णा, जेवलास का?" विचारतात, आणि हे जिना उतरेपर्यंत कोणी आलं होतं हेही विसरतात. त्यात मेगाब्लॉक असला की अख्खा दिवस जातो. मुलगा यूपीएससीचा अभ्यास करतो, नीतिशास्त्राच्या पेपरसाठी बेंथम वाचलेला (ज्यातून सगळ्यांना मिळून जास्त सुख, ते योग्य, असं मानणारा इंग्रज तत्त्वज्ञ). तो म्हणाला, "बाबा, नीती म्हणजे शेवटी उपयुक्तताच. तिला आठवत नाही, मग फायदा कोणाचा?" तेव्हापासून यांची झोप उडालेली.

घरात दीर्घ आजार असलेले बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात. गेलं तरी अपराधी वाटतं, नाही गेलं तरी.

मुलाचा हिशोब मी आधी त्याच्याच वहीत तपासला. बेंथमने १७८९च्या ग्रंथात सुख मोजायला सात मापं दिली: तीव्रता, कालावधी, खात्री वगैरे. 'नंतर आठवलं का' हे माप त्यात नाही. हे गृहस्थ आत्यांचे केस विंचरतात तेव्हा त्या डोळे मिटून मान सैल सोडतात. ती दहा मिनिटं बेंथमच्या खात्यातही जमाच होतात. शिवाय या आजारात प्रसंग पुसला गेला तरी त्यातून आलेलं बरं वाटणं काही वेळ मागे राहू शकतं.

मग विचारलं, "आणि समजा, त्यांना काहीच जाणवत नसेल तर?"

ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. "तरी जाईन. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. हिनेच वाढवलं."

मुलगा म्हणेल, ऋण फेडायची रीतही समाजाला उपयोगीच. असेल. पण हे गृहस्थ समाजाचं भलं व्हावं म्हणून लोकल पकडत नाहीत. आपण कोणाचं देणं लागतो, हे उपयुक्तता सांगत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ते कसं फेडायचं, हे मात्र तिला जरूर विचारावं. यांचं बीपी वाढलेलं, कंबर धरलेली, बायकोशी निवांत बोलणं महिनोन्महिने नाही. दर रविवारी जायलाच हवं, अशी अट आत्यांनी कधी घातली नव्हती.

आता ते महिन्यातून दोनदा जातात. एरवी सांभाळणाऱ्या मावशी केस विंचरतात. मागून, हलक्या हाताने, कंगवा कानाला न लागू देता. ते त्यांनी स्वतः दाखवून दिलं.