आई-बाप गेले, पण आजी कुठाय?

तुमच्या गोष्टीत खानापूरकडच्या गावात १९१८च्या इन्फ्लुएंझात आई-बाप जातात, अकरा वर्षांची बहीण आणि आठ वर्षांचा भाऊ पायी बेळगाव गाठतात. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला हे पटेल का, असं तुम्ही विचारलंय. साथ पटेल. दोघं एकटी कशी पडली, तिथं वाचक अडेल.

त्या तापाची तऱ्हाच उलटी होती. विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसं त्यात फार गेली. म्हणजे आजी घरात असणार, मामा असणार, भाऊबंद तर असणारच. पहिल्याच प्रकरणात सगळ्यांना संपवलंत तर पोरं मोकळी होतील, पण गोष्ट लटकी पडेल.

मामा जिवंत ठेवा, आणि कृपा करून त्याला दुष्ट करू नका. त्या वर्षी पावसानं दगा दिला, धान्य महागलं. त्याच्या घरात दोन तोंडं वाढलीत, इतकंच. तो भाचीचं लग्न ठरवतो. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९३०पासून लागू झाला, तोवर अकराव्या वर्षी बोहल्यावर उभं करणं गावात फारसं कुणाला वावगं वाटत नव्हतं. भाच्याला तो शहापुरात एका विणकराकडे सुताच्या कांड्या भरायला ठेवतो. म्हणजे दोघं मिळून निघतच नाहीत. निघते ती बहीण, भावाला शोधायला.

शहापूर मुद्दाम सुचवतोय. बेळगाव मुंबई इलाख्यात, इंग्रजांचं. त्याला खेटून असलेलं शहापूर मात्र सांगली संस्थानचं. शेजारच्या पेठेत पाऊल टाकलं की राज्य बदलतं! हे बाल-वाचकाला सांगायला मला तरी फार आवडेल. मालक कानडी बोलणारा दाखवा, पोरगा ती भाषा चटकन उचलेल.

खानापूर-बेळगाव अंतर पंचवीसेक किलोमीटर. रेल्वे होती, तरी बहीण पायी का जाते, याचं कारण द्या. वाटेत बैलगाडीवाला भेटला तर आधी विचारणार, "कुणाची गं पोरी तू?" आणि तिला खोटं बोलावं लागेल. हा प्रसंग घाईनं उरकू नका.

सीमावाद त्यांच्या तोंडी नको, ती १९५६ची राज्यांची वाटणी. गांधीजींनाही आणू नका; ते अध्यक्ष होते ते बेळगावचं काँग्रेस अधिवेशन १९२४चं, तोवर बहीण सतरा वर्षांची होईल.

आणि भाऊ सापडल्यावर? त्याला तिथं दोन वेळचं जेवण मिळतंय. तो तिच्याबरोबर का येईल, ते आधी ठरवा, मग पहिलं प्रकरण लिहायला घ्या.