तीस वर्षं चालूनही डिमेन्शिया झालाच, मग आईला कशाला चालायला लावू?

ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतोय. सासरे तीस वर्षं रोज सकाळी टेकडीवर जायचे तरी डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) निघाला, मग आता 66 वर्षांच्या आईच्या मागे लागून तिला चालायला लावण्यात काय अर्थ आहे, असं तुमचं म्हणणं. मी डॉक्टर नाही, पण डिमेन्शिया झालेल्या बाबांचं सात वर्षं घरीच करतोय आणि त्या नादात बरंच वाचलंय, म्हणून लिहितो.

चालणाऱ्याला हा आजार होत नाही असे जे मेसेज फिरतात ते बंडल आहेत. होतो. शक्यता कमी होत असेल, इतकंच. स्वीडनमधे गोथेनबर्गला 1968 साली मध्यम वयाच्या 191 बायकांना सायकलवर पार दमेपर्यंत पेडल मारायला लावून त्यांचा दमसास मोजला आणि मग 44 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. कमी फिट गटातल्या 32 टक्के जणींना डिमेन्शिया झाला, मधल्या गटात 25 आणि सगळ्यात फिट होत्या त्यांच्यात 5. आता त्या फिट बायका होत्याच मुळी 40, म्हणजे 5 टक्के म्हणजे फक्त दोघी, त्यामुळे या आकड्यावर मी फार उड्या मारत नाही. पण त्या दोघींच्या घरीही कुणीतरी तुमच्यासारखंच चिडलं असणार.

याच्या उलट निघालेलंही सांगतो. लंडनच्या दहा हजारांवर सरकारी नोकरांवरचा मोठा अभ्यास 2017 मधे आला, त्यात व्यायामाने डिमेन्शिया टळतो असं काही दिसलं नाही, उलट ज्यांना तो झाला त्यांचं हिंडणंफिरणं निदानाच्या 9 वर्षं आधीपासूनच कमी व्हायला लागलेलं दिसलं. म्हणजे चालणं सुटलं म्हणून आजार झाला की आजार आत शिरला म्हणून चालणं सुटलं?

हे वाचलं आणि मी गार पडलो, कारण आमच्याकडे अगदी हेच झालेलं. पहाटे पाचला बूट घालून निघणारे बाबा एकदम गुडघे दुखतात म्हणायला लागले. आम्ही तेल, गरम पट्टा, एक्स-रे सगळं केलं, एक्स-रेत वयाच्या मानाने काहीच नव्हतं. मग एक दिवस दूधवाला म्हणाला, काका चौकात बराच वेळ नुसते उभे असतात, सोसायटीतलं कोणी दिसलं की त्याच्या मागोमाग घरी येतात. गुडघे कसले दुखतायत, रस्ता आठवत नव्हता आणि ते सांगायची लाज वाटत होती.

तरीही आईला चालायला लावाच असं मी म्हणतो. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण ऑक्सिजन लागतो 20 टक्के, आणि तो पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बीपी आणि शुगरने खराब होतात, त्या दोन्हींवर चालण्याचा उपयोग होतो याबद्दल वाद नाही. अमेरिकेत 55 ते 80 वयाच्या 120 जणांवर एक वर्षाचा प्रयोग झाला, 2011 मधे छापून आला. निम्मे भराभर चालले, निम्म्यांनी नुसतं स्ट्रेचिंग केलं. आठवणी साठवायला लागतो तो हिप्पोकॅम्पस चालणाऱ्यांचा 2 टक्के वाढला, बाकीच्यांचा 1.4 टक्के आकसला. गंमत म्हणजे स्मरणशक्तीच्या टेस्टमधे दोन्ही गट सुधारले, हे मात्र फॉरवर्डवाले कधी सांगत नाहीत.

त्या लोकांनी सुरुवात केली 10 मिनिटांनी, दर आठवड्याला 5 वाढवत सातव्या आठवड्यात 40, आठवड्यातून तीनदा. आईला हेच वेळापत्रक द्या, आधी बीपी आणि हार्ट दाखवून घ्या. वेग असा की बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. बागेत दोन राउंड, मग तासभर कट्टा आणि शेवटी मिसळ हे यात धरू नका (कट्टा बंद करू नका, माणसांत बसणंही लागतं). आणि कान तपासून घ्या, ऐकू कमी येणं हेही डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे आणि आपल्याकडे ते कोणी मनावर घेत नाही.

सासऱ्यांना मात्र आता दामटवू नका. निदान झालेल्या 494 जणांवर इंग्लंडमधे प्रयोग झाला, त्यातल्या 329 जणांना जिमचा व्यायाम दिला होता, त्यांचा फिटनेस वाढला, विसरणं थांबलं नाही. बाबांना मी संध्याकाळी गच्चीवर फिरवतो ते रात्री झोप लागावी म्हणून, बाकी अपेक्षा सोडलीय.

आणि उद्या आई गुडघे दुखतात म्हणून चालायचं टाळायला लागली तर तेल आणण्याआधी एक दिवस तिला न सांगता तिच्या मागून चालून बघा.